उलटा एन

खानापूरच्या तहसीलदार कचेरीसमोर
झेरॉक्सच्या दुकानाला खेटून माझं टेबल,
एक कॉम्प्युटर, एक छत्री.
मी दुरुस्तीचे अर्ज टाइप करते.
माणूस बरोबर असतो, नाव चुकलेलं असतं.

आज लुमाण्णा बिर्जे आले.
रेशन कार्डावर कन्नडात लुमण्णा,
आधारला इंग्रजीत लक्ष्मण,
उताऱ्यावर नुसताच 'लु', पुढे शाईचा डाग.
"तिघंबी मीच की वो," म्हणाले,
"पण तिघांत मिळून एक पेन्शन येईना."

मी टाइप केलं, क्लेरिकल एरर.
"म्हंजे कुणाची चूक?"
कुणाचीच नाही, मी म्हटलं.
हा शब्द त्यासाठीच ठेवलाय.

एरर कुणी करत नाही, तो आपणहून शिरतो कागदात,
उंबऱ्याच्या फटीतून गोम शिरावी तसा.
फॉल्ट आमच्याकडे वायरमन शोधतो,
खांबावर चढून, शिव्या देत;
पण त्याच्यामागे 'युवर' लागलं
की तो तारेतून उतरून थेट अंगावर येतो.
ब्लंडर मोठ्या लोकांचा,
माझ्या एकाही अर्जात अजून लागला नाही.
स्लिप म्हणजे जीभ घसरली, पेन घसरलं.
(बाईचा पाय घसरला तर शब्द वेगळा,
आणि बहुतेक गावही.)
ओव्हरसाइटचं मला अजून कोडं आहे :
देखरेख म्हणजेही तोच,
आणि बघायचं राहून गेलं म्हणजेही तोच.

कचेरीतला कारकून 'तप्पाय्तु' म्हणतो,
आम्ही 'चूक झाली' म्हणतो.
दोन्ही भाषांत ती होते,
संध्याकाळ होते तशी.
इंग्रजीत मात्र बनवावी लागते.
टायपिंग क्लासात 'आय डिड अ मिस्टेक' लिहिलं
तर पिंटो टीचरनी लाल पेनने 'डिड' खोडला.
डू नाही, मेक.
का?
का म्हणून विचारायचं नाही. तसंच आहे.

मला मात्र ते आधीपासून ठाऊक होतं,
म्हणजे आप्पांना ठाऊक होतं.

आप्पा कौलांच्या कारखान्यात साचे कोरायचे.
साच्यात अक्षर उलटं, तर कौलावर सुलटं.
मॅनेजरनं चिठ्ठी दिली : मेड इन खानापूर,
आणि 'मेड' म्हणजे काय तेवढं सांगितलं.
आप्पांना इंग्रजी येत नव्हतं.
त्यांनी चिठ्ठी आरशासमोर धरली,
एकेक अक्षर उलटं उतरवलं,
फक्त दोन्ही एन आले चिठ्ठीवरून जसेच्या तसे.
कसेही धरले तरी ते त्यांना सारखेच दिसायचे.
अकरा हजार कौलं भाजून निघाली
तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं.

मॅनेजर भट्टीपाशी ओरडला,
"हू मेड धिस मिस्टेक?"
सगळे मातीकडे बघत उभे.
आप्पांना त्यातला एकच शब्द कळला,
स्वतःच्या हातानं कोरलेला.
त्यांनी हात वर केला.
"मी. सगळी मीच."

पंधरा दिवसांचा पगार गेला.
कौलं 'सेकंड' म्हणून घाटाकडच्या एका वाडीला गेली.
मी एकदा मुद्दाम जाऊन आले तिथं.
एक घर गळत नव्हतं.

त्यातलं एक कौल माझ्या टेबलावर असतं,
कागद उडू नयेत म्हणून.
लुमाण्णांनी त्यावरून बोट फिरवलं,
"नक्षी बरी काढलीया," म्हणाले.
मी प्रिंट काढली.
त्यांनी ती लांब धरली, जवळ धरली,
मग शेजारच्या झेरॉक्सच्या पोराला दिली वाचायला.
"ब्रिजे," पोरगा म्हणाला.
"आणि एक आला की वो," लुमाण्णा हसले, "चौथा."

माझ्या तोंडावर सगळे शब्द येऊन गेले,
टायपिंग एरर, कीबोर्डचा फॉल्ट,
लाइट गेली होती मघाशी.
कौलाकडे बघितलं.
ही मी बनवली, म्हटलं.
आणि दुसरा कागद लावला,
पैसे न घेता.